पुणे बोलत नाही

टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर बसणारी बाई म्हणजे फुकटात जगाच्या घरातलं ऐकणारी बाई, असा आमच्या नातेवाइकांचा ठाम समज होता. लग्नकार्यात कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारायचंच, "काय गं, लोक काय काय बोलतात?" मी सांगायचे, "'हॅलो, ऐकू येतंय का?' असं बोलतात. निम्मा वेळ त्यात जातो. उरलेल्यात पाऊसपाणी." त्यांना वाटायचं, मी लपवतेय. नोकरीत शिरताना गुप्ततेची शपथ घेतली होती आणि ती मी म्हातारपणी दिवाळी अंकासाठी मोडणार नाही. पण खरं सांगते, मोडण्यासारखं फारसं हाती लागलंच नाही.

लग्नानंतर मी जयपूरला आले. यांची नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीच्या खात्यात. वर्षातले कितीतरी दिवस फिरती. मॅट्रिक झालेली, हिंदी-इंग्रजी बरं बोलणारी बाई घरात बसून काय करणार, म्हणून मी टेलिफोनच्या नोकरीला अर्ज केला आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यावर एम. आय. रोडवरच्या एक्स्चेंजमध्ये रुजू झाले. त्या वेळच्या जयपुरात डोक्यावरून पदर न घेता रस्त्यानं चालणाऱ्या बाईकडे लोक वळून पाहत. बोर्डावर बसायला स्थानिक मुली मिळतच नव्हत्या. आम्ही होतो त्या बाहेरच्या. कोणी पंजाबातून उखडून आलेली, कोणी ख्रिश्चन, आणि मी एकटी पुण्याची.

नव्या वाचकांसाठी थोडं कामाचं सांगते. तेव्हा परगावी फोन करायचा तर नंबर फिरवून लागत नसे. आधी आमच्याकडे नोंदवायचा आणि वाट बघायची. समोर भिंतीसारखा उभा बोर्ड, त्यावर भोकंच भोकं आणि बारीक दिवे. हातात दोरीसारख्या कॉर्डी, टोकाला पितळी प्लग. डोक्यावर हेडसेट. जयपूरहून पुण्याला कॉल असेल तर मी अहमदाबादच्या भोकात प्लग घालायचे. तिथला ऑपरेटर मुंबई धरायचा, मुंबईवाली पुणे धरायची आणि पुण्याची ऑपरेटर तिथल्या घरची घंटा वाजवायची. म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना 'कसे आहात' म्हणायला मध्ये चार माणसांनी हात धरून उभं राहायचं. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचं आणि लोकांनी आमच्यावर चिडायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. ठरावीक माणसालाच फोनवर बोलवायचं असेल तर त्याचं नाव सांगावं लागे. एकदा चांदपोलमधून एका बाईनं कलकत्त्याचा कॉल मागितला.

"किससे बात करनी है?"

"उनसे."

"उनका नाम?"

तिकडच्या बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नसत. माझ्या मागे कॉलची रांग. शेवटी ती हळूच म्हणाली, "भगवानजी का नाम है. बंसी बजाते हैं." मी सुरू केलं. बंसीधर? नाही. मुरलीधर? नाही. श्यामलाल? गोपाल? मदनमोहन? ती प्रत्येकाला "ना, ना" म्हणत होती आणि हसूही दाबत होती. कन्हैयालालवर गाडी थांबली. मला तिचं हसू येऊन चालण्यासारखं नव्हतं. मीही नवऱ्याला 'हे'च म्हणत होते.

पण आज सांगायचंय ते यातलं नाही. आम्ही ऑपरेटर एकमेकांना शहरांच्या नावानं हाक मारायचो. "हां जयपुर, बोलो." "अहमदाबाद, बंबई देना." चेहरे कोणी कोणाचे पाहिलेले नसत. तरी आवाजावरून कळायचं, आज याला सर्दी आहे, आज ही घरून भांडून आली आहे. अहमदाबादच्या सकाळपाळीला एक गृहस्थ असायचे, रमणिकभाई. मुंबई लागेपर्यंत मधला मोकळा वेळ असे. तेवढ्यात एखादं वाक्य व्हायचं. नियमात बसत नव्हतं, पण तेवढं सगळीकडेच चालायचं. मी पुण्याच्या बाजूची आहे हे त्यांना माहीत होतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ते रोज विचारायचे, "बेन, माँजी की आँख कैसी है?" मी म्हणायचे, "ठीक है." बस. एवढंच आमचं नातं. त्याला नातं म्हणायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आई पुण्याला नारायण पेठेत नदीजवळच्या एका इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकुलती एक. एकसष्टच्या उन्हाळ्यानंतर तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या डोळ्यातला अजून तसाच होता. ऑपरेशनच्या वेळी मी पुण्याला जाऊन राहिले. रजा संपली तेव्हा तिच्या डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याला उजेड-अंधार याखेरीज काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "माझ्याबरोबर चल." ती म्हणाली, "एवढा प्रवास मला सोसेल का? इथे शेवंता आहे की." शेवंताबाई शेजारीच पिठाची गिरणी चालवायची. नवरा गेल्यावर गिरणी तिनेच पुढे चालवली होती. तिच्या भुवया कायम पिठानं पांढऱ्या. परत आल्यावर यांनी मला विचारलं, "तिकडे आईंजवळ कोण आहे?" मी म्हटलं, "कोणीच नाही."

जुलै महिना होता. हे फिरतीवर जैसलमेरच्या बाजूला गेले होते. मी सकाळच्या पाळीला बोर्डावर बसले. माझ्या शेजारी नेहमीप्रमाणे सतवंत होती, लाहोरहून आलेली, माझ्याहून वयानं मोठी, फार थोडं बोलणारी. सकाळी पुण्याचा एक कॉल नोंदला होता. मी अहमदाबाद धरलं, त्यांनी मुंबई धरली आणि मुंबईची ऑपरेटर म्हणाली, "पूना डेड है. बाद में लो."

आमच्या भाषेत लाइन बंद असली की ती 'डेड'. दिवसातून कितीतरी वेळा हा शब्द तोंडात यायचा. बिकानेर डेड, कोटा डेड. वाळूचं वादळ आलं की निम्मं राजस्थान डेड. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला सवयीनं सांगून टाकलं, "पूना डेड है, साहब." पुढच्याला पण तेच सांगितलं. मग आणखी एकाला. तिसऱ्या की चौथ्या वेळी मला स्वतःचाच आवाज विचित्र वाटायला लागला. पावसात खांब पडला असेल म्हणावं, तर दोन तास झाले तरी दुसरीकडून फिरवून द्यायचीही कोणी भाषा करेना.

दुपार व्हायच्या सुमाराला अहमदाबादचा दिवा लागला. रमणिकभाईंचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"जयपुर, बेन, आप ही हो ना?"

"हां, बोलो."

"मुंबईवाली बोलती है, पूना में डॅम टूटा. नदी का पानी शहर में घुस गया है. बेन, माँजी का घर नदी से दूर है ना?"

पुढच्या कॉलचा दिवा लागला होता, तो मी घेतला, नंबर विचारला, लिहिला, जोडून दिला. नंतर त्या कॉलमधलं मला काहीही आठवेना. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. आई खाटेवर बसली आहे, पाणी खोलीत येतंय आणि तिला ते दिसत नाही. पायाला गार लागेपर्यंत तिला कळणारही नाही.

सतवंतनं माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही, तिनंही अहमदाबादची बातमी ऐकली होती. तिनं आपली खुर्ची सरकवली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला आणि तो तिनं पाळी संपेपर्यंत तिथेच ठेवला. मी प्लग चुकीच्या भोकात घालायला गेले की ती तिच्या हातानं माझं मनगट वळवायची. एकदा मी म्हटलं, "सतवंत, बुरी खबर नहीं आई, मतलब सब ठीक होगा ना?" ती म्हणाली, "यह मत सोच. उल्टा भी मत सोच. कुछ मत सोच. हमने सोच-सोचकर अपने आपको खा लिया था." तिचं माहेर लाहोरला राहिलं होतं आणि त्यातल्या काही माणसांचं पुढे काय झालं ते तिला कधीच समजलं नव्हतं, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. तिनं स्वतः त्याविषयी त्या एकाच वाक्यात सांगितलं.

आमचे सुपरवायझर माथुरजी कडक माणूस. बोर्डावर हसलेलं त्यांना चालत नसे. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. "आप घर जाइए. मैं किसी और को बैठा दूँगा."

"सर, घरी फोन नाही," मी मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत म्हटलं, "घर जाकर मैं क्या सुनूँ? यहाँ कम से कम लाइन तो है."

ते गेले. थोड्या वेळानं शिपाई माझ्यापुढे चहा ठेवून गेला. बोर्डावर चहा आणायला बंदी होती, आणि ती बंदी माथुरजींनीच घातली होती.

पाळी संपली तरी मी बोर्डावरून उठले नाही. संध्याकाळपर्यंत बातमी रेडिओवर आली आणि जयपुरात होतं नव्हतं तेवढं मराठी माणूस फोनकडे धावलं. बँकेतले, विम्यातले, कॉलेजातले, इस्पितळातले डॉक्टर. सगळ्यांचं कोणीतरी पुण्याला. त्यातले एक बर्वे. विम्याच्या कचेरीत अधिकारी होते, सी-स्कीममध्ये राहायचे. त्यांनी दिवसभरात किती वेळा फोन केला असेल, देव जाणे. माझ्या हिंदीतला एखादा हेल त्यांनी ओळखला असावा.

"बाई, तुम्ही मराठी आहात का?"

"हो."

"अहो, माझी बायको बाळंतपणाला डेक्कनला गेली आहे. नदीच्या अंगालाच घर आहे. बाळ पंधरवड्याचंसुद्धा नाही. मी अजून पाहिलं नाही त्याला."

"लाइन आली की तुमचा नंबर पहिला लावते."

"तुमचं कोणी आहे का हो पुण्याला?"

नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाशी खासगी बोलायचं नसतं. मी म्हटलं, "आई आहे. नारायण पेठेत." मग ते म्हणाले, "मग मी पुन्हा पुन्हा फोन करून तुम्हाला त्रास देतोय." मी म्हटलं, "करा. काही हरकत नाही." आणि खरोखरच हरकत नव्हती. तेवढा वेळ मला धीर द्यायचं काम मिळायचं. नाहीतर माझा मला देता येत नव्हता.

दुसरा दिवसही तसाच गेला. मी तार केली, तिचं उत्तर नाही. यांना कळवायचं तर ते कुठल्या गावात असतील याचा पत्ता नाही. माझी मुलगी मीना तेव्हा चार वर्षांची. माझ्या ड्युटीच्या वेळी ती घरमालकिणीजवळ असायची. आम्ही त्यांना काकीसा म्हणायचो. भाडं आणि नळाचं पाणी सोडून आमचं कधी फारसं बोलणं नव्हतं. मी घरी पोचले तेव्हा मीना जेवून झोपलेली होती आणि काकीसा माझ्या स्वयंपाकघरात होत्या. त्या वर बसून जिन्यातून हाक मारणाऱ्या, खाली म्हणून कधी उतरत नव्हत्या. त्यांनी माझ्यासमोर ताट ठेवलं आणि पदर तोंडावरून मागे घेऊन समोर बसल्या. "खा लो. तुम नहीं खाओगी तो मैं भी यहीं बैठी हूँ." मी जेवले. काय होतं ताटात ते आठवत नाही. त्यांचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, हे आठवतं.

तिसऱ्या दिवशी मुंबई म्हणाली, "पूना आ गया, लेकिन सिर्फ सरकारी कॉल. प्रायव्हेट कुछ नहीं."

म्हणजे लाइन होती आणि नव्हती. मदतीची, औषधांची, लष्कराची बोलणी तिच्यावरून चालली होती. त्यात माझी आई कुठे बसणार? ते योग्यच होतं, हे मला कळत होतं. माझ्या हाताखाली पुण्यापर्यंत जिवंत तार होती आणि मला तिच्यावर एक शब्द टाकायची मुभा नव्हती. त्या दोन दिवसांत मी रडले नव्हते. तेव्हा मात्र हेडसेटमध्ये हुंदका गेला.

तो रमणिकभाईंनी ऐकला. ते म्हणाले, "बेन, सरकारी कॉल जोडने से पहले ऑपरेटर-ऑपरेटर बोलते हैं कि नहीं? 'लाइन ठीक है?' पूछते हैं कि नहीं? बस, उतनी देर में एक वाक्य जाएगा. आप माँजी का नाम और घर बोलो. मैं मुंबईवाली को बोलूँगा, वो पूना को बोलेगी."

मी तोंड उघडलं आणि थांबले. एक वाक्य जाणार होतं. मी आईचं नाव आणि पत्ता सांगितला आणि त्याच श्वासात म्हटलं, "और सुशीला बर्वे, डेक्कन. साथ में छोटा बच्चा." रमणिकभाई म्हणाले, "दो नाम? ठीक छे. जल्दी बोलूँगा."

मागे पाहिलं तर माथुरजी उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नोकरी जाते की काय, असं एकदा मनात आलं. त्यांनी वळून हॉलमध्ये मोठ्यानं सांगितलं, "जयपुर-अहमदाबाद पर टेस्टिंग चल रही है. उस पोज़िशन को कोई डिस्टर्ब न करे." आणि ते माझ्याकडे पाठ करून तिथेच थांबले.

उत्तर यायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मला घड्याळाकडे पाहवत नव्हतं. पुण्याच्या बोर्डावरच्या मुलीनं काय केलं ते मला पुढे मुंबईवालीकडून समजलं. तारा जोडायला शहरात फिरणाऱ्या लाइनमन लोकांना तिनं दोन्ही नावं दिली होती. ती स्वतः दोन दिवस घरी गेली नव्हती, कारण जायला तिचं घर राहिलं नव्हतं. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

दुपारी अहमदाबादचा दिवा लागला. "बेन, लिखो. सुशीला बर्वे, बच्चा, दोनों ठीक. मामा के घर, ऊपर की तरफ. पक्की खबर."

"और माँ?"

"बेन, नारायण पेठ का वो मकान गिर गया है. वहाँ कोई नहीं है. मतलब, कोई मिला नहीं. इसका मतलब कुछ भी हो सकता है. मैं फिर पूछता हूँ."

बर्व्यांना फोन मीच लावला. आवाज सरळ ठेवून म्हटलं, "बर्वेसाहेब, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मामांकडे आहेत." पलीकडे ते लहान मुलासारखे रडायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या आई?"

"घर पडलंय. ती सापडली नाही."

पाळी संपवून मी बाहेर पडले तर पुढच्या दालनात, लोक कॉलची वाट बघत बसतात त्या बाकावर, एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. मला पाहून उभे राहिले. "मी बर्वे." मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची बातमी आली होती, आता त्यांनी स्टेशन गाठायचं की घरी जाऊन झोपायचं! मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तुमचं कळल्याशिवाय मला जाववेना. मला काही करता येणार नाही, हे माहीत आहे. पण बसतो." त्यांनी टांगा केला, मला घरापर्यंत सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले तेव्हा ते पुन्हा त्या बाकावर होते.

त्या सकाळी मला बोर्डाची भीती वाटत होती. अहमदाबादचा दिवा लागला की वाटायचं, घेऊ नये. न घेतला तर जे असेल ते तेवढा वेळ तरी कळणार नाही. शेवटी एकदा तो लागला आणि माझा हात उठेना. सतवंतनं तिच्या कॉर्डनं तो कॉल घेतला. ऐकलं. मग तिनं तो माझ्याकडे जोडला आणि माझा खांदा घट्ट धरला.

रमणिकभाई जवळजवळ ओरडत होते. "मिल गईं! बेन, माँजी मिल गईं! एक स्कूल में हैं. कोई शेवंताबाई साथ में है. आँख की पट्टी भी वैसी की वैसी है!"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. सतवंत सांगायची, मी "थँक यू, अहमदाबाद" म्हटलं, अगदी नियमात बसेल असं, आणि मग डोकं बोर्डाला टेकवलं. माथुरजींनी हॉलमध्ये जाहीर केलं, "टेस्टिंग समाप्त," आणि रुमाल काढून नाक शिंकरलं. बाहेर जाऊन बर्व्यांना कोणी सांगितलं ते माहीत नाही. मी गेले तेव्हा बाक रिकामा होता. ते त्याच दिवशी पुण्याच्या गाडीत बसले होते.

मला रजा मिळाल्यावर मीही निघाले. मीनाला काकीसांनी ठेवून घेतलं, मी विचारण्याच्या आधीच. पुण्यात स्टेशनपासून पेठेपर्यंत नुसता चिखल आणि वास. शाळेच्या एका वर्गात बाकं भिंतीला लावून लोक राहत होते. कोपऱ्यात आई भिंतीला टेकून बसली होती. मी हाक मारली तर ती म्हणाली, "आलीस? मी शेवंताला म्हणत होते, येईल ती."

मग तिनं सांगितलं. पाणी येतंय अशी आरोळी झाली तेव्हा शेवंताबाई गिरणीत होती. गिरणीत लोकांची दळणं, नवी मोटर, तिचा सगळा संसार. मोटर सोडवायला हाताशी माणूस होता, वेळही थोडा होता. ती ते टाकून आधी आईच्या खोलीत आली. आई म्हणाली, "मी काहीच पाहिलं नाही गं. लोक ओरडत होते, पाण्याचा आवाज येत होता, भिंती पडत होत्या. मला फक्त तिचा हात होता. पर्वतीच्या पायऱ्या चढेपर्यंत तिनं तो सोडला नाही. मध्ये एकदा मी म्हटलं, तू जा, मला इथे बसव. तर मला रागावली."

शेवंताबाई बाजूलाच डाळ निवडत होती. गिरणी संपूर्ण गेली होती. भुवया पहिल्यांदा काळ्या दिसत होत्या. मी तिच्या पायाशी वाकले तर तिनं मागे सरकून मला हातानं थांबवलं. मी म्हटलं, "शेवंताबाई, मी तुमच्यासाठी काय करू?" बोलताना माझं मलाच ते फार तोकडं वाटलं.

"माझं काय," ती म्हणाली. "त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचेत वेळच्या वेळी. बाटली वाहून गेली होती, मी इथल्या डॉक्टरांकडून दुसरी मागून घेतली. तुमच्या कामाच्या गडबडीत विसरू नका म्हणजे झालं."

तिची गिरणी पुढे उभी राहिली, पण पुष्कळ उशिरा आणि दुसऱ्या पेठेत. आम्ही जमेल तो हातभार लावला. तो कधी पुरेसा वाटला नाही.

आईला घेऊन मी जयपूरला निघाले. तेव्हा वाटेत अहमदाबादला गाडी बदलावी लागे, मोठ्या रुळांवरून लहान रुळांवर. जयपूरहून निघण्याआधीच बोर्डावरून मी रमणिकभाईंना परतीचा दिवस आणि गाडी सांगून ठेवली होती. प्लॅटफॉर्मवर उतरल्यापासून मी पुरुषांचे चेहरे बघत होते. नुसता आवाज माहीत असलेल्या माणसाला ओळखायचं कसं? कोणी 'बेन' म्हणतंय का, याकडे कान होते. आमची दुसरी गाडी लागली, आम्ही बसलो, तरी कोणी आलं नाही. मला वाटलं, साहजिक आहे. कोण कुठली बाई!

तेवढ्यात एक गुजराती साडीतली बाई डब्याडब्याशी वाकून बघत येताना दिसली. तिच्या हातात डबा होता. आईच्या डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला मोठा काळा चष्मा होता, तो पाहून ती खिडकीशी थांबली.

"जयपुर?" तिनं विचारलं.

"हां," मी म्हटलं. "जयपुर."

"मैं उनके घर से. हीराबेन." नवऱ्याचं नाव तिनंही घेतलं नाही. "उनको ड्यूटी से छुट्टी नहीं मिली. बोले, तू जा. माँजी को देखकर आ." तिनं डबा खिडकीतून आत दिला. थेपले अजून गरम होते. मग ती आईकडे बघत बोलायला लागली, अर्धं हिंदी, अर्धं गुजराती. "माँजी, उन दिनों वो घर आकर खाना नहीं खाते थे. बोलते थे, जयपुर की माँ नहीं मिली. फिर हमारी पूरी पोळ को पता चल गया. सुबह दूधवाला पूछे, सामनेवाले काका पूछें, कुएँ पर औरतें पूछें, जयपुर की माँ मिली? जिस दिन मिलीं, सबने गुड़ बाँटा."

पोळ म्हणजे तिकडची दाटीवाटीची गल्ली. त्या गल्लीतल्या एकालाही मी ओळखत नव्हते. त्यांच्यातल्या कोणालाही पुणं कुठे आहे ते धड माहीत नसेल. मी आईला मराठीत सगळं सांगितलं. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि चाचपडत हीराबेनच्या गालावर ठेवला.

"अब वापस जाऊँगी तो सब पूछेंगे," हीराबेन हसून म्हणाली, "कैसी हैं माँजी? क्या बोलूँ?"

शिट्टी झाली. गाडीला धक्का बसला. हीराबेन खिडकीबरोबर चालायला लागली. आई एकदम माझ्याकडे वळली.

"अगं, माझा चष्मा काढ."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, उजेड—"

"काढ म्हणते ना! तिला नीट बघू दे मला. घरी जाऊन सांगायचंय तिला."